भरलं तेव्हाची रेघ

किरणदादा, तुझ्यावर पत्रक काढायचं ठरलं होतं. तू ऐकलं असतंस तर आधी हसला असतास, आणि मग तुझा ठरलेला प्रश्न आला असता: "किती प्रती?"

मथळासुद्धा तयार होता. 'घरात दारू गाळली, घरातलाच मुलगा गेला.' खाली तुझं नाव नव्हतं. 'लोणावळ्यातला एक शिकलेला तरुण, वराळ्याच्या कारखान्यात चांगल्या नोकरीला' एवढंच होतं, पण मावळात ओळख पटायला तेवढं पुरतं. मंगलताईंनी कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "प्रज्ञा, एकदा तुझा हात फिरव. तुझ्यासारखं टोक दुसऱ्या कुणाला काढता येत नाही."

ते टोक काढायला मला ताईंनीच शिकवलं. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्या दारूबंदीच्या कामात आहे. छोटं वाक्य, मोठा टाईप, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. आणि या वेळी ते टोक तुझ्यावर रोखायचं होतं.

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. लिहायला बसते, उठते, स्टेशनपर्यंत जाते, परत येते. हेसुद्धा तुमच्या घरी, आत्याच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय. ती मागे भांडी घासतेय. घासलेलीच परत घासतेय.

तू कसा गेलास ते इथे पुन्हा लिहिणार नाही. फक्त एवढंच, कारण ते कुणीच लिहीत नाहीये: पहिली पाळी सुटून तू गाडीवरून घरी येत होतास, लख्ख दुपार होती, आणि जुन्या हायवेच्या वळणावर कुठल्यातरी डंपरमधून सांडलेली खडी तशीच पडून होती. ती झाडायला कुणी आलं नाही. तू गेल्यानंतरही नाही. मी आणि तुझ्या कंपनीतली दोन पोरं खराटे घेऊन गेलो तेव्हा ती हलली. यावर पत्रक निघालं असतं तर मी स्वतः रात्रभर छापलं असतं.

पण लोकांना खडी नको होती. लोकांना तुझी बादली हवी होती.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी घर भरलं होतं. भन्तेजींनी पंचशील दिलं, सगळे मागून म्हणत होते. पाचवं शील आलं, मादक पेयांपासून दूर राहण्याचं, आणि बेडशाचे आबा, म्हणजे आपल्या आजोबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याकडे वळून चांगलं मोठ्यानं कुजबुजले, "ह्ये पाचवं पाळलं आसतं तर पोरगं आज हितं बसलं आसतं." आत्यानं ऐकलं. तिच्या हातात तांब्या होता, समोर ताटात वाटी होती, आणि ती वाटीत पाण्याची धार सोडत होती. वाटी भरली, पाणी ताटात उतरलं. तिचा हात हलला नाही. मला राहवलं नाही. मी आबांना अंगणात गाठलं.

"आबा, रस्त्यावर खडी कुणी टाकली? दादानं?"

"आगं, खडीवरनं समदेच जात्यात की."

"समदे जातात, म्हणून हा पिऊन होता?"

"घरात भट्टी लावल्याली. मान्सं काय आंधळी हायेत?"

"तुमी बघितली भट्टी?"

"बगाया कशाला लागतंय? ऐकलंय की."

ऐकलंय. दादा, हा शब्द तुझ्यासमोर कुणी उच्चारला की तू कपाळाला हात लावायचास. माझ्यासमोर तर फार वेळा लावलास.

तुझी भट्टी! जिन्याखालच्या कपाटात झाकण लावलेली एक बादली, झाकणात एक वाकडी नळी, नळीत थोडं पाणी आणि दिवसभर त्यातून येणारे बुडबुडे. जवाचं माल्ट, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट. लोणावळ्याच्या थंडीत यीस्ट खूश असतं म्हणायचास, जसं काही ते शनिवार-रविवारचा पर्यटकच आहे. मी म्हणायचे, परवान्याशिवाय गाळतोस, मीच तक्रार करते. तू म्हणायचास, कर, पण अर्जात किती लिटर ते बरोबर लिही.

कारण तुला बिअरपेक्षा लिटर जास्त आवडायचे. मला हे आजच कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं. तू करायचास खूप आणि प्यायचास थोडी, उरलेली वाटून टाकायचास आणि नंतर लोकांच्या मागे लागायचास: फेस कसा होता? किती वेळ टिकला?

पहिली खेप आठवते? तुझ्याच कारखान्यात ओतलेली बादली आणलीस, आत लिटरच्या रेघा उठवलेल्या. डिप्लोमावाला माणूस, प्लास्टिकच्या बादल्या बनवण्यात आयुष्य चाललेलं, आणि तू त्या रेघांवर विश्वास ठेवलास! रेघ म्हणत होती वीस. आत होती जेमतेम सतरा. बाटलीत भरताना साखर घालतात ती लिटरच्या हिशेबानं, तू घातलीस विसाची. जास्तीच्या साखरेचा वायू झाला आणि माळ्यावर बाटल्या एकामागून एक फुटायला लागल्या. आत्याला वाटलं बाहेरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. ती मेन स्विच बंद करून रस्त्यावर जाऊन उभी राहिली, आणि मागून घरातून फेसाचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला.

"किरन्या, ह्ये काय वतलंस रं माज्या घरात?"

"आई, रेघ चुकली."

"कुनाची?"

"कंपनीची."

"मंग कंपनीत जाऊन फोडायच्या हुत्या!"

दुसऱ्या दिवशी तू साच्यावर काम करणाऱ्याला विचारलंस, या रेघा कुणी ठरवल्या? तो म्हणाला, जुन्या बादलीवरून घेतल्या. आणि जुन्या बादलीवरच्या? त्याच्या आधीच्या. यात कधी कुणी पाणी ओतून बघितलं? त्यानं तुझ्याकडे असं बघितलं म्हणे, की तूच प्यायलायस. ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की शेवटी शेवटी मीच तुझ्या आधी सांगायला लागले.

मग तू बादली स्वतः मोजलीस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाणी तोलायचं, एक किलो म्हणजे एक लिटर, ते ओतायचं, पाणी स्थिर होऊ द्यायचं, बाहेरून कर्कटकानं चरा मारायचा. पुन्हा एक लिटर, पुन्हा चरा. मध्येच उठलास आणि सगळं ओतून दिलंस. आत्याची फरशी मोरीकडे उतरती आहे हे तुझ्या उशिरा लक्षात आलं. बादली तिरकी, मग पाणी तिरकं, मग चरे खोटे. शेजारच्या गवंड्याची लेव्हल आणून, बादलीखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून पुन्हा पहिल्यापासून. मी दारात उभी राहून चिडत होते. आंदर मावळात बायका हंडा घेऊन किती चालतात आणि हा एवढं पाणी मोरीत! तर म्हणालास, "मोरीत नाही, झाडाला. आणि किती ते सांगू?" तेव्हा मी तुला मारायला लाटणं शोधत होते.

वाचायचं कसं तेही शिकवलंस, मी मागितलं नसताना. वरून वाकून बघायचं नाही. गुडघे टेकायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. कडेला पाणी जरा वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही, मधला सपाट भाग धरायचा. उकळतं असताना मोजायचं नाही, गरम द्रव फुगलेला असतो, गार झाला की खाली बसतो. "तुझ्या पत्रकांसारखा," असं वर म्हणालास. तू जमिनीवर गुडघे टेकून बादलीसमोर वाकलेला असायचास आणि आत्या जाता-येता म्हणायची, "बुद्धापुडं कदी आसा वाकला न्हाई मुडदा."

पत्रकांवरून आपलं खरं भांडण. तुझ्या हातात माझं पत्रक पडलं की तू पेन्सिल काढायचास. 'दारूनं गावातली निम्मी घरं उद्ध्वस्त.' त्यातल्या 'निम्मी'भोवती गोल. मोजलीस? मी म्हणायचे, मोजायला गेलं की बायका दार लावून घेतात. मग 'निम्मी' कुठून आलं? ऐकलं. झालं, कपाळाला हात. एकदा मी फार भडकले. म्हटलं, दादा, तुझं सगळं लिटरमध्ये मावतं. बाईनं खाल्लेला मार कशात मोजायचा? तुझ्या त्या मोजायच्या काचेच्या नळीत? सांग ना, त्याची रेघ कुठे मारू?

तू पेन्सिल खाली ठेवलीस. तू आणि पेन्सिल खाली! मग म्हणालास, "थांब. यावर मला विचार करू दे."

मी थांबलेय, दादा. अजून थांबलेय. उत्तर न देता जायचं असतं का असं?

तर ताईंचा कागद. मी म्हटलं, हे खोटं आहे. ताई चिडल्या नाहीत, तेच जास्त टोचलं. "तुझा भाऊ होता म्हणून तुला खोटं वाटतंय. घरात दारू बनत होती, खरं ना?"

"बिअर. हो."

"मुलगा गेला, खरं ना?"

"हो."

"मग खोटं काय आहे त्यात?"

दोन खरी वाक्यं एकाखाली एक ठेवली की मधलं खोटं वाचणारा स्वतःच भरतो. हे मला माहीत आहे, मीच करत आलेय. ताई पुढे म्हणाल्या, "महिनाभरात मतदान आहे. त्या बायकांकडे बघ. एका पत्रकानं बाटली आडवी होणार असेल तर किरणला काय फरक पडतो? तो तर गेला." मतदान म्हणजे आमचं नेहमीचं: गावातलं दुकान बंद करायचं तर बायका मत देतात, कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. आणि ते दुकान बंद झालंच पाहिजे. यात मी तसूभर मागे हटलेली नाही, तू गेलास तरी.

मी कागदावर हात न फिरवता उठले आणि इथे आले. आत्या म्हणाली, "ते कपाटातलं बुडबुडं थांबल्यात बग. काय करायचं त्येचं?"

तोपर्यंत ती बादली मला आठवलीच नव्हती. तुझी शेवटची खेप.

कपाट उघडलं. आधीच्या खेपेच्या बाटल्या धुऊन उलट्या लावलेल्या, सगळ्या रिकाम्या. बादलीवर उभी पांढरी पट्टी, आणि पट्टीवर तुझ्या मार्करची आडवी रेघ, शेजारी तुझं बारीक अक्षर: 'भरलं तेव्हा'. प्रत्येक खेपेला मारायचास. नंतर किती कमी झालं ते कळायला. मी मागे मोबाईलचा टॉर्च धरला, प्लास्टिकमधून पातळी दिसली. रेघेच्या जरा खाली होती. अगदी जरा.

आणि मलाही शंका आली. खोटं का बोलू? तू यातली काढली होतीस तर? आबा बरोबर असतील तर?

मग आठवलं, तू मधे एकदा नमुना काढतोस. ती उंच काचेची नळी भरायची, त्यात तो तरंगणारा काटा सोडायचा, साखर किती उरली ते वाचायचं. आणि नमुना परत ओतायचा नाही, घाण जाते. मी तुझी दुसरी बादली काढली, तशीच, चरे मारलेली. पुठ्ठ्याच्या घड्या खाली घातल्या. त्याच उंचीवर पट्टी लावली, रेघेपर्यंत पाणी भरलं. नळी बुडवून एकदा भरून काढली. मग गुडघे टेकले.

दोन्ही बादल्यांत पाणी आणि बिअर सारखीच खाली गेली होती. फरक असेल तर केसाएवढा. त्या रेघेखालून एक नळी गेली होती, दुसरं काही नाही.

आत्या मागे उभी होती. "काय गं?"

"आत्या, त्यानं यातला एक घोटही घेतला नव्हता."

ती म्हणाली, "मला ठावं हाय की. मी त्येची आई हाय." आणि आत गेली. तिला मोजायची गरज नव्हती. मला होती. याचा राग मला तुझाच येतो, तूच ही सवय लावलीस.

दुसऱ्या दिवशी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "त्यानं बाहेर कुठे घेतली नसेल कशावरून?"

"कशावरूनच नाही. मग तसं छापा. 'आम्हाला काही माहीत नाही.' मोठ्या टाईपात."

"प्रज्ञा."

"पहिली पाळी करून येत होता, ताई. खडी होती. मी स्वतः झाडलीय ती. हे पत्रक निघालं तर मी त्याच गावात दुसरं काढीन, आणि माझं टोक तुम्हाला माहीत आहे."

ताईंनी कागद स्वतःकडे ओढला. मग मथळ्यावर काट मारली. म्हणाल्या, "काढलं. पण बाहेर लोक बोलणारच. सभेत कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. तू उभी राहायचं."

विचारलंच. आंदर मावळात, शाळेच्या ओट्यावर, बस चुकल्यामुळे मी घामाघूम होऊन पोचले होते. उभी बाटली, आडवी बाटली समजावून झालं, आणि मागून एक बाई म्हणाली, "आगं ये पोरी, तुजा भाव घरात दारू करायचा म्हनं. आन् तू आमाला सांगाया आली व्हय?"

खसखस पिकली. ताई खाली बघत होत्या. मी उभी राहिले.

"व्हय, करायचा. बिअर करायचा. मला पटायचं न्हाई, तोंडावर सांगायचे. पण तो पिऊन मेला न्हाई. खडीवरनं गाडी घसरून मेला."

"तुला काय ठावं?"

"मी मोजलं."

आणि मी त्या बायकांना तुझी रेघ सांगितली. भरलं तेव्हाची. पट्टी, नळी, दोन बादल्या, सगळं. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तीच बाई, मघाची, जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मी बी करती तसं."

"काय करता, मावशी?"

"टिकली लावती. त्येच्या बाटलीवर, मागच्या अंगाला. कितपत उतरली कळतं." तिनं बोटानं हवेत बाटली धरली आणि अंगठ्यानं एक जागा दाखवली. "हितवर आली तर नुसत्या शिव्या. हितं आली की पोरांस्नी घिऊन जावंच्या घरी निगायचं. ह्येच्या खाली जायाची वाट बगायची न्हाई."

दादा, बाईनं खाल्लेला मार कशात मोजायचा असं मी तुला विचारलं होतं. ती टिकलीनं मोजते. मार पडायच्या आधी मोजते. मी इतकी वर्षं त्या गावांत जाते, माईक घेऊन ओरडते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कधी मोजायचं बोललेच नाही. तू असतास तर मी तिथूनच तुला फोन केला असता. रेंज नव्हती तरी टेकडीवर चढून केला असता. फोन बाहेर काढलाही होता. मग हातात तसाच धरून उभी राहिले.

आता सांग, जिंकलं कोण? तू म्हणशील, मोजता येतं. मी म्हणेन, तुझं मोजणं छंद होतं, तिचं जीव वाचवणं आहे, दोन्ही एकात घालू नकोस. तू पेन्सिल काढशील. हे भांडण आपलं आणखी वीस वर्षं चाललं असतं, आणि मला ती हवी होती. मला वाटायचं ती आहेतच.

आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. पण माझ्या पुढच्या पत्रकात 'निम्मी घरं' नाहीये. त्यात ती टिकली आहे. नाव नाही, गाव नाही, मावशीला विचारून लिहिलीय. मतदानाचं काय होईल मला माहीत नाही.

आता बादली. तुझ्या कंपनीतली पोरं आली होती, म्हणाली बाटल्यांत भरू, दादाची आठवण म्हणून घेऊ. मी नाही म्हटलं. हे तुला आवडणार नाही. मी चाखलीही नाही. तू गेलास म्हणून मी बदलणार नाही, तूही माझ्यासाठी बदलला नसतास. आत्या म्हणाली, "वतून टाक. पर मोजून वत. त्येला बरं वाटंल."

मागच्या दाराला, फणसाच्या बुंध्याशी. तुझं लिटरचं माप घेतलं. एक भरायचं, पातळी बघायची, ओतायचं. वास आंबूस, जरा पावासारखा. एवढी वर्षं नाक मुरडलं, पण वास वाईट नव्हता, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. आत्या पायरीवर बसून विचारत होती, "किती झालं?" मी सांगत होते. तळाशी गाळ आला तेव्हा थांबले. गाळ मापात धरायचा नाही, पण त्याच्यासाठी जागा सोडायची, हे तुझंच.

शेवटचं माप पूर्ण भरलं नाही. किती ते वाचायला मी पायरीवर ठेवलं आणि गुडघे टेकले.

"आसं बगायचा व्हय तो?" आत्या म्हणाली.

"असंच. डोळा पातळीला. कडेचं धरायचं नाही, मधलं धरायचं."

तिचे गुडघे दुखतात, तुला माहीत आहे. तिनं पदर खोचला, एक हात माझ्या खांद्यावर टेकला आणि हळूहळू माझ्या शेजारी फरशीवर उतरली. मान तिरकी करून मापाजवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"दिसली का रेघ?"

"थांब," ती म्हणाली. "आजून हलतंय."